दादरा

ऑक्टोबर सरता सरता मम्मा माळ्यावरची बरणी उतरवायची,
पिवळट, कानाशी टवका उडालेली.
आधी तिला ऊन दाखवायचं, मग काळी द्राक्षं,
साखर, मूठभर गहू,
आणि तोंडाला दादरा, डॅडींच्या जुन्या एप्रनचा,
ज्यावर कंपनीचा नांगर अजून अर्धा दिसतो.

एकवीस दिवस.
रोज तिन्हीसांजेला लाकडी डावाने एकदा,
एकदाच, उजवीकडून.
सहार गावठाणावरून विमान गेलं
की बरणीच्या पोटात बुडबुडे दचकायचे.
"झोपू द्या रे तिला," मम्मा वर बघून ओरडायची,
जणू पायलट आपल्याच पॅरिशचा.

डॅडी जहाजावर भंडारी.
माझ्या पहिल्या चोवीस नाताळांतले पाच त्यांनी घरी काढले.
बाकीचे नाताळ पत्राने आले,
जानेवारीच्या शेवटी,
कडेला तेलकट अंगठा उमटलेले.

हॅम्बुर्गच्या चौकात लाल वाइन उकळतात, दालचिनी, लवंग,
संत्र्याची साल;
लोक पितात कमी, पेल्यावर हात शेकतात जास्त.
"म्हणजे आपली खिमाडच की," मम्मा म्हणायची,
"फक्त लग्नाशिवाय."

वेराक्रूझला भल्या मोठ्या टोपात पेरू, चिंच, उसाचे करवे,
वास गल्लीच्या तोंडापर्यंत.
"बघ, संक्रांत आणि नाताळ एकाच चुलीवर!"

किंग्स्टनहून पाकिटात एक वाळकं बोंड आलं.
याचं लालभडक सरबत करतात, आलं घालून, वर रम.
मम्माने ते खिडकीत धरलं, हुंगलं,
आणि पदर तोंडाशी नेऊन हसत सुटली:
"सगळं जग फिरला गं तुझा बाप,
आणि पोचला कुठे, तर अंबाडीपाशी!"

वालपराइसोला दुधात कॉफी, दालचिनी आणि काहीतरी कडक.
नाव म्हणे माकडाची शेपटी.
ते तिने त्याच वर्षी करून पाहिलं.
फादर हिलरींनी तीन पेले घेतले आणि मग विचारलं,
"सेव्हरीना, हे काय आहे?"
तिने खरं सांगितलं.
फादर चौथा घेऊन म्हणाले, देवाने तीही निर्माण केली.

दरवर्षी एक बाटली बाजूला निघायची,
कपाटात, चादरींच्या मागे,
डॉक्टरी चिकटपट्टीवर साल लिहून.
"तो आला की."

तो आला, कायमचा,
एक ट्रंक आणि तीनशेच्या घरातली साखर घेऊन.
एकोणीस बाटल्या टेबलावर मांडल्या होत्या,
आणि डॉक्टरांनी घोटभरही नाही म्हटलं होतं.

मग डॅडींनी काय केलं,
तर एकेक बूच काढून नाक लावलं,
जसं जहाजावर मटणाच्या पिंपाला लावत असतील.
काहींचा शिरका झालेला. ते बोलले नाहीत.
काहींवर डोळे मिटून थांबले.
सातवीवर बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं, चोरून,
आणि म्हणाले,
"यात साखर कमी पडली, सेव्हरीन."

ते साल कंपनी बुडाल्याचं.
पाच महिने मनीऑर्डर नव्हती.
मरोळ नाक्यावरच्या पेढीत पाटल्या ठेवायला
मम्माबरोबर मी गेले होते,
शाळेच्या गणवेशात.
पत्रात त्यांनी कंपनीचं लिहिलं नव्हतं.
तिने पाटल्यांचं लिहिलं नव्हतं.

"द्राक्षं आंबट निघाली त्या वर्षी,"
मम्मा म्हणाली.
"मग बरोबर," डॅडी म्हणाले,
आणि बूच लावताना
तिच्या रिकाम्या मनगटाकडे
जरा जास्तच वेळ बघत राहिले.

आता तिचा हात थरथरतो, डाव मी धरते.
ती खुर्चीत बसून मोजते, माझ्यावर विश्वास नाही.
डॅडी दारात, बिनसाखरेचा चहा घेऊन,
कपाला दोन्ही हात शेकत.
विमान जातं.
आम्ही तिघंही बरणीकडे बघतो.
"उजवीकडून," मम्मा म्हणते.
मी उजवीकडूनच ढवळत असते.